मेस्त्रो दुलोची साक्ष

तेओदुलो पालाब्रिका याचं बोलणं अख्ख्या पुन्ता तालिसाय गावाने आयुष्यात एकदाच कान टवकारून ऐकलं, आणि नेमका त्याच दिवशी तो चुकला. आमच्या बंदरावर लोक अशा गोष्टी विसरून जातात असं म्हणायची पद्धत आहे. खोटं आहे ते. लोक फक्त बोलायचं बंद करतात.

बंदरामागच्या तंत्रशाळेत तो वीज आणि रेडिओ शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मेस्त्रो दुलो म्हणत. अंगाने काडी, पण शर्टाची इस्त्री अशी की माशी बसली तर घसरावी. दरवर्षी नवी मुलं आली की तो वर्गात एक लांबलचक बांबू आणायचा, आतून पोकळ केलेला. एका टोकाला एक मुलगा, दुसऱ्या टोकाला दुसरा. "हां, आता कुजबुज. किती ऐकू आलं? आता उलट करा. तू ऐक, तो बोलेल. फरक पडला काही?" फरक पडायचा नाही. मग मेस्त्रो खडू उचलून म्हणायचा, "अँटेनाचंही असंच. त्याचं तोंड आणि कान एकच. इकडून तिकडे जेवढं पोचतं, तेवढंच तिकडून इकडे येतं. वाटेला जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोन हिशेब नसतात."

हा त्याचा पहिला धडा. दुसरा धडा असा की शक्ती मरत नाही. "कमी पडली तर कपाळाला हात लावून बसू नका, ती गेली कुठे ते शोधा. बहुतेक वेळा कुठल्या तरी कोपऱ्यात ऊब होऊन बसलेली असते. हात लावून बघा, सापडते." या धड्यावरून गावाने त्याची यथेच्छ थट्टा केली. रविवारी कोंबड्यांच्या झुंजीत हरलेला कुणी ना कुणी ओरडायचाच, "मेस्त्रो, शक्ती मरत नाही म्हणता, मग माझ्या कोंबड्याची गेली कुठे?" आणि मागून उत्तर यायचं, "जिंकणाऱ्याच्या रश्शात!" मेस्त्रोही हसायचा. हसण्यावारी न्यायची गोष्ट होती तोवर ठीक होतं.

त्याच्या संध्याकाळच्या वर्गात एक बाई यायची, आदेल्फा दोर्दास. त्याच्याहून दहाएक वर्षांनी मोठी, विधवा, म्हणून तो तिला नांग म्हणायचा, ताई म्हणावं तसं. मुलांच्यात शेवटच्या बाकावर बसून ती सगळं वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत पोरांना धूळ चारायची. पुढे मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने बोटींशी बोलायला रेडिओ घेतला, तेव्हा मेस्त्रोने तिचंच नाव सुचवलं. सकाळी सहाला ती खोली उघडायची, वेधशाळेचा हवामानाचा निरोप बोटींना सांगायची, बोटींचे निरोप घरोघर पोचवायची. बोटीवरचे बाप्ये तिला वचकून असत. "तुझ्या बायकोने निरोप दिलाय, पण तो सगळ्यांसमोर सांगण्यासारखा नाही, मुकाट्याने घरी ये," असं ती एकदा रेडिओवर म्हणाली आणि सतरा बोटींवर हशा पिकला.

तिचं खरं काम मात्र वेगळं होतं, निदान तिच्या मते. आमच्याकडे माणूस गेला की नऊ दिवस घरात प्रार्थना चालते आणि ती सांगायला एक जाणती बाई लागते. पुन्ता तालिसायमध्ये वीस वर्षं ती बाई म्हणजे आदेल्फा. तिच्या आवाजाशिवाय इथला माणूस धड मेला असं कुणी मानत नसे. कुणी त्याबद्दल काही देऊ केलं तर ती घेत नसे. फक्त नवव्या दिवशीचा गोड भात चापून खायची.

ज्या नोव्हेंबरात वादळ आलं, तेव्हा सगळ्या बोटी आदल्या दिवशीच परतल्या होत्या. मागे राहिली एकटी 'सान्ता मोनिका'. तिचं इंजिन अडलं होतं, म्हणून तांडेल आमादोने एका उजाड बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. नऊ माणसं. वारा ईशान्येचा होता आणि बेट मधे होतं, तोवर भीती नव्हती. सकाळी दहाच्या सुमाराला वेधशाळेचा निरोप आला की वादळ पुढे सरकतंय, तासाभरात वारा उलटून नैर्ऋत्येचा होईल. म्हणजे ज्या बाजूला ते निवांत होते, तीच बाजू उघडी पडणार होती. इंजिन तोवर सुरू झालं होतं. आदेल्फाने फक्त एवढंच सांगायचं होतं की नांगर उचला आणि बेटाच्या पलीकडे जा.

आमादोचा आवाज तिला खणखणीत येत होता. "नांग, काही ऐकू येत नाही गं. नुसता कडकडाट. तू आहेस ना? आम्ही इथंच थांबलोय. तू सांगशील तसं." थोड्या वेळाने पुन्हा, "नांग, थांबलोय बरं का." साडेअकरानंतर काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी बेटाच्या खडकांवर फळ्या सापडल्या. माणसं चारच सापडली, आमादो त्यांत नव्हता.

गावाला दोष द्यायला कुणीतरी हवं असतं अशा वेळी. आमादोची बायको पासिता त्या वेळी रेडिओच्या खोलीबाहेर, खिडकीखाली उभी होती. नवऱ्याचा आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. आदेल्फाचा आवाज मात्र तिला ऐकू आला नव्हता. वादळात पत्र्याखाली माइकला ओठ लावून बोलणाऱ्या बाईचा आवाज बाहेर कसा जाईल, हे कुणी विचारलं नाही. रेडिओच्या वहीत पाच-पाच मिनिटांनी 'हाक दिली, उत्तर नाही' असं लिहिलेलं होतं. लोक म्हणाले, वही काय, मागाहूनही भरता येते. बाई घाबरून घरी पळाली असेल, किंवा नुसती बसून राहिली असेल.

दोन आठवड्यांनी संस्थेच्या सभागृहात चौकशी बसली. चेअरमन उगोने मेस्त्रोला आधी रेडिओ तपासायला सांगितलं होतं. मेस्त्रो गेला, खुर्चीवर बसला, कान लावून ऐकलं. लांबलांबच्या बोटी स्पष्ट येत होत्या. त्याने हाक मारली, दहा मैलांवरच्या बोटीने लगेच ओ दिली. आभाळ निळंशार होतं. तो छपरावर चढला नाही. शिडी होती, मागच्या भिंतीला टेकवलेली. इस्त्रीचा शर्ट होता अंगावर.

सभेत बसायला जागा नव्हती. खिडक्यांवर माणसं लटकलेली. चेअरमन उगो म्हणाला, "मेस्त्रो, आम्ही अडाणी माणसं. आम्हाला कळेल असं सांगा. हिला आमादोचं ऐकू येत होतं, हे ही स्वतःच कबूल करते. मग ही बोलली असती, तर त्याला ऐकू गेलं असतं का?"

"खडू आहे का?" मेस्त्रोने विचारलं.

या प्रश्नाची त्याला पुढे आयुष्यभर लाज वाटली. 'बघून सांगतो' म्हणता आलं असतं. पण तीनशे माणसं गप्प बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्यांतले निम्मे रविवारी त्याला कोंबड्यावरून चिडवणारे होते. त्याने फळ्यावर एक बोट काढली, एक खांब काढला, मधे एक रेघ ओढली आणि बांबूचा धडा दिला. सुरेख दिला. "या रेघेवरून इकडे जेवढं येतं, तेवढंच तिकडे जातं. हा निसर्गाचा नियम आहे, माझा नाही. दोन्हीकडचे रेडिओ एकाच ताकदीचे. तिचा मी स्वतः तपासलाय, ठणठणीत आहे. तेव्हा इथे ऐकू येत असेल, तर तिथेही ऐकू जायला हवं."

"म्हणजे ही बोललीच नाही?"

"नियम तेच सांगतो."

आदेल्फा पुढच्या बाकावर होती. तिचा घसा अजून सुटला नव्हता. ती उभी राहून खरखरत म्हणाली, "मेस्त्रो, मी बोलत होते हो. सारखी बोलत होते. माझा घसा बसला होता, तुम्हीच दुसऱ्या दिवशी मला आल्याचं पाणी आणून दिलंत."

मेस्त्रोला ते आठवत होतं. तो म्हणाला, "रडूनही घसा बसतो, नांग."

मागे कुणीतरी 'बरोबर!' म्हणालं, आणि झालं. फळ्यावरची बोट, खांब आणि रेघ दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी पुसली नाही. बाहेर पडताना लोकांनी मेस्त्रोच्या खांद्यावर हात ठेवले. घरी बायको नेनिताने विचारलं, "तुम्ही तिला इतकी वर्षं ओळखता. ती खोटं बोलेल?" मेस्त्रो म्हणाला, "माणूस खोटं बोलू शकतो, नियम नाही." नेनिताने त्याचं ताट वाढलं आणि स्वतःचं घेऊन ती मागच्या पायरीवर जेवायला बसली.

त्या नऊ जणांच्या घरी नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, त्या सांगायला शेजारच्या गावाहून बाई आणली. ती पाठ चुकायची, मधेच थांबायची. आदेल्फा आपल्या घराच्या पायरीवर बसून लांबून ऐकायची आणि तिचे ओठ हलायचे, असं शेजारीण सांगते. त्यानंतर गावात कुणी मेलं तरी तिला बोलावणं आलं नाही. रेडिओची नोकरी गेली याचं तिला काही नव्हतं. तिचं दुखणं होतं ते या प्रार्थनेचं. नवीन वर्षात ती दार ओढून घेऊन समोरच्या पुलो दियुताय बेटावर भाचीकडे मासळी वाळवायला निघून गेली. धक्क्यावर पोचवायला कुणी गेलं नाही. मेस्त्रो त्या वेळी वर्गात होता, आणि वर्गाच्या खिडकीतून धक्का दिसतो.

दोन वर्षं गेली. ऑगस्टात रेडिओवरच्या नव्या मुलीने, रोसेलने, तक्रार केली की जरा ढग गडगडले की बोटी ओ देत नाहीत, आपल्याला त्यांचं छान येतं, त्यांना आपलं जात नाही. मेस्त्रो हसला, म्हणाला असं होत नसतं. पण या खेपेला सुट्टी होती, अंगात जुना सदरा होता, तो शिडी चढला. खालून रोसेल ओरडली, "त्या पेटीवरच्या मांजरीला उठवू नका हं, मेस्त्रो! बोचकारते. मी बोलायला लागले की ती बरोबर तिथे जाऊन झोपते."

छपरावर, अँटेनाची तार जिथे केबलला जोडली होती तिथे एक पत्र्याची पेटी होती. मांजर खरंच झोपली होती. मेस्त्रोने रोसेलला बोलत राहायला सांगितलं आणि मांजरीशेजारी हात टेकला. पेटी कोमट होती.

त्याने केबल कापली. आतून खारं पाणी गळलं. तांब्याची जाळी असायला हवी तिथे हिरवा भुगा होता आणि बाजूचं प्लास्टिक वितळून सुरकुतलं होतं. हे दोन महिन्यांचं काम नव्हतं, किती तरी वर्षांचं होतं. रेडिओतून निघालेल्या शक्तीतला जेमतेम दहावा हिस्सा तारेपर्यंत पोचत होता. बाकीची त्या पेटीत मांजरीला ऊब देत होती. दुसरा धडा. वीस वर्षं मुलांकडून घोकून घेतला, आणि स्वतः एकदाही हात लावून बघितलं नाही.

मग तो पत्र्यावर बसला आणि पहिल्या धड्याचं काय झालं ते त्याने मनात मांडून बघितलं. नियम चुकला नव्हता. कुजकी केबल जाताना जेवढं खाते तेवढंच येताना खाते. पण येताना ती आमादोच्या आवाजाबरोबर वादळाचा कडकडाटही खात होती. दोन्ही सारखेच बारीक झाले, आदेल्फाने रेडिओ मोठा केला, आवाज वर आला. तिकडे बोटीवर कडकडाट पुरा होता आणि तिचा आवाज तेवढा दहावा हिस्सा झालेला. नियम सांगतो किती पोचलं ते. ऐकू आलं की नाही, ते कानाशी केवढा गोंगाट आहे त्यावर. निळ्या आभाळाखाली बसून त्याने वादळाची परीक्षा घेतली होती, आणि एका बाईला खोटं ठरवलं होतं.

केबलचा तुकडा घेऊन तो चेअरमन उगोकडे गेला. उगोने तुकडा हातात फिरवला, दार लावून घेतलं. "मेस्त्रो, गेलेली माणसं येणार आहेत का परत? ती बाई बेटावर सुखात आहे. आता हे उकरलं तर लोक विचारतील, छपराकडे बघायचं काम कोणाचं होतं. माझं नाव निघेल. तुमचंही निघेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवी केबल मी उद्याच मागवतो." आणि खरंच मागवली. बैल गेला नि झोपा केला, तशातली गत.

उगोला शिव्या देणं सोपं आहे. गावात आजही देतात. पण मेस्त्रोला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पुलो दियुतायला रोज सकाळी बोट जाते, पाऊण तासाची वाट. तो म्हणाला, या सत्राच्या परीक्षा होऊ देत. मग म्हणाला, नाताळ होऊ दे, सणासुदीला नको. मग नेनिता आजारी पडली. केबलचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात होता, कपाट उघडलं की कुजका वास यायचा. शेवटी नेनितानेच एक दिवस तो टेबलावर आणून ठेवला. "एक तर हे समुद्रात टाका, नाही तर जिथे न्यायचं तिथे न्या. माझ्या कपड्यांना वास लागतोय." तो मार्च महिना होता, ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस.

आदेल्फा किनाऱ्यावर जाळीच्या मांडवांवर मासळी उलटत होती. पार सुकली होती. त्याला बघून तिने ओले हात स्कर्टला पुसले. "मेस्त्रो! बसा, सावलीत बसा. भाची नारळ काढील." जणू काही झालंच नव्हतं, आणि त्याला तेच जास्त लागलं. त्याने तुकडा उघडून तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं, पेटी, पाणी, कडकडाट, दहावा हिस्सा. त्याची ती सर्वांत हुशार विद्यार्थिनी. तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

"मी चुकलो, नांग. नियम अर्धाच सांगितला. तू हाका मारत होतीस. मी सगळ्या गावासमोर सांगतो, येत्या रविवारी, त्याच सभागृहात."

आदेल्फा तुकड्याकडे बघत होती. "नक्की?" तिने विचारलं.

"नक्की काय?"

"मी हाका मारत होते ते."

मेस्त्रोला कळेना. "तूच तर सांगत होतीस!"

"सांगत होते. आधी सांगत होते." ती वाळूत बसली. "मग इथे आले. दिवसभर हात मासळीत आणि डोकं मोकळं. तुमचा तो फळा आठवायचे. नियम खोटा नाही. तुम्ही खोटं बोलणारे नाही. मग राहिलं कोण? म्हटलं, आदेल्फा, तूच बसली असशील गप्प. भीतीने वाचा गेली असेल आणि मनाने नंतर रचलं असेल सगळं, वहीसुद्धा. तसं होतं म्हणे माणसांचं. आधी नुसतं वाटायचं. मग दिसायलाच लागलं. मी खुर्चीत बसलेय, आमादो बोलतोय, आणि मी नुसती बसलेय. गेल्या डिसेंबरात पासिताकडे गेले. तिच्यापुढे गुडघे टेकले. म्हटलं, तुझ्या माणसाला मी मारलं, मी तोंड उघडलं नाही, मला क्षमा कर."

"डिसेंबरात?" मेस्त्रो म्हणाला.

"नाताळच्या आधी. तिने मला उठवलं. खूप रडली, मग भात वाढला. चांगली बाई आहे ती. तेव्हापासून मला झोप लागते, मेस्त्रो."

ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंतचे महिने मेस्त्रो दुलोने मनात मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती. तो म्हणाला, "ते खरं नव्हतं, नांग. तू आठवून बघ. तू बोलत होतीस. घसा फुटेस्तोवर बोलत होतीस."

आदेल्फाने डोळे मिटले. भाचीने नारळ आणून ठेवले आणि ती आल्या पावली परत गेली. आदेल्फाने डोळे उघडले. तिला आठवत नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"मी काय म्हणत होते त्याला?" तिने विचारलं. "नुसतं नाव घेत होते, की पलीकडे जा म्हणत होते? की धीर देत होते? सांगा ना, मेस्त्रो. काय म्हणाले मी?"

मेस्त्रोने तोंड उघडलं. ते त्याला माहीत नव्हतं. ते कुणालाच माहीत नव्हतं.